घाट, गिझर आणि जूल

खोपोलीच्या वर डोंगराच्या अंगावरून जाड पोलादी नळ खाली उतरले आहेत. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटा या तलावांत साठलेले पावसाचे पाणी त्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते आणि टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. १९१५ साली टाटांच्या या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि तोवर कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांचे साचे विजेवर फिरू लागले. शंभराहून अधिक वर्षे ते पाणी असेच उतरते आहे. ऊर्जा, उष्णता आणि वीज या तिन्ही गोष्टी एकाच विषयाच्या कशा, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा सापडणे कठीण.

हजार लिटर पाण्याचे वजन हजार किलो. ते ५०० मीटर खाली आले की सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा घाट उतरलेल्या हजार लिटर पाण्यात १.३६ युनिट वीज दडलेली असते. टर्बाइन आणि जनित्रातली घट वजा जाता साधारण १.२ युनिट हाती लागते.

आता न्हाणीघरातला १५ लिटरचा गिझर घ्या. नळाचे पाणी २५ अंश सेल्सिअसला आहे आणि ते ६० अंशांपर्यंत तापवायचे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४,१८६ जूल लागतात. १५ लिटर आणि ३५ अंश यांचा गुणाकार केला की २२ लाख जूल होतात, म्हणजे ०.६१ युनिट. खोपोलीच्या हिशेबात हे सुमारे ५०० लिटर पाणी झाले. वाटेतली गळती धरली तर त्याहून थोडे जास्तच. एका घरातल्या सकाळच्या आंघोळीसाठी १५ लिटर पाणी तापवायचे, तर अर्धा टन पाण्याने सगळा घाट उतरून यायला हवे!

हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पाचशे मीटर उंची डोळ्यांना केवढी तरी वाटते आणि गिझरमधली वाफाळती धार रोजचीच असते. पण निसर्गाचा भाव तसा आहे. उंचीच्या मानाने उष्णता फार महाग पडते. घाटमाथ्यावरचे पाणी टर्बाइनमध्ये न सोडता नुसतेच पायथ्याशी आदळू दिले आणि त्याची सगळी ऊर्जा त्याच पाण्यात राहिली, तर ते जेमतेम सव्वा अंशाने तापेल. खोपोलीच्या टर्बाइनमधून बाहेर पडणारे पाणी तेवढेही तापत नाही, कारण तो सव्वा अंश तारांवाटे मुंबईला गेलेला असतो.

शाळेत हा विषय तुकड्यातुकड्यांनी भेटतो. राज्याच्या अभ्यासक्रमात नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ आहे, दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ आणि ‘उष्णता’ हे दोन स्वतंत्र धडे आहेत. प्रत्येक धड्याची सूत्रे वेगळी, उदाहरणे वेगळी, परीक्षेतले गुणही वेगळे. वजन उचलायला लागणारे जूल, पाणी तापवायला लागणारे जूल आणि मीटरवर मोजले जाणारे जूल हे एकाच वहीतले जमाखर्च आहेत, ही गोष्ट धड्यांच्या सीमेवर हरवते. या विषयाची खरी मजा मात्र नेमकी त्या सीमेवरच आहे. पुढची पाने वाचताना वाचकाने एवढे एक सूत्र धरून ठेवावे: ऊर्जा रूप बदलते, जागा बदलते, पण तिची बेरीज बदलत नाही.

ही बेरीज माणसाला सहज सापडलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले बहुतेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक वजनरहित द्रव मानत. तापलेल्या वस्तूतून हा द्रव गार वस्तूत वाहतो, असे ते म्हणत. अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियाच्या सेवेत गेलेला काउंट रमफर्ड म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरून घेत होता. कोरताना धातू विलक्षण तापतो, हे कारागिरांना ठाऊकच होते. रमफर्डने मुद्दाम बोथट हत्यार लावले, नळीभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांना फिरवत ठेवले. सुमारे अडीच तासांत पाणी उकळू लागले. विस्तव कुठेच नव्हता. घोडे चालत होते तोवर उष्णता निघत होती, आणि ती संपण्याचे कोणतेही लक्षण नव्हते. एखाद्या धातूत साठवलेला द्रव असा अखंड कसा निघेल, हा त्याचा प्रश्न होता. १७९८ मध्ये त्याने तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला.

रमफर्डने प्रश्न विचारला, पण दर ठरवला नाही. किती काम केले की किती उष्णता मिळते, हे मोजायला मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा एक तरुण पुढे आला. जेम्स प्रेस्कॉट जूल हा बीअर गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. जन्म १८१८ चा. अणुसिद्धांताचे जॉन डाल्टन काही काळ त्याला घरी शिकवीत होते. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. घरचा धंदा सांभाळत त्याने आयुष्यभर प्रयोग केले. बीअरच्या धंद्यात तापमान काटेकोर सांभाळावे लागते, आणि तापमापीवरचा जूलचा विश्वास पाहता त्या वातावरणाचा त्याला उपयोग झाला असणार.

त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. पाण्याने भरलेले तांब्याचे भांडे, त्यात फिरणारी वल्ह्यांसारखी पाती, पात्यांच्या आसाला गुंडाळलेली दोरी, आणि दोरीच्या टोकांना कप्पीवरून खाली सोडलेली शिशाची वजने. वजने खाली जातात, पाती पाणी घुसळतात. वजने वर गुंडाळायची, पुन्हा सोडायची. अशी वीस वेळा घुसळण केल्यावर पाण्याचे तापमान वाढे ते फक्त अर्ध्या अंशाच्या आसपास, तेही फॅरनहाइटमध्ये. एवढासा फरक विश्वासाने मोजायचा, तर खोलीची हवा, भांड्याचा धातू, प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊब, सगळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो. जूलने तो ठेवला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचे असेल, तर एक पौंड वजन ७७२ फूट खाली यावे लागते, हा त्याचा निष्कर्ष. आजच्या मापात सांगायचे तर एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलो वजनाची ४२७ मीटर उतरण लागते. घाटाचा सव्वा अंश येतो तो इथून.

नायगाराचा धबधबा १६० फूट पडून एक पंचमांश अंश फॅरनहाइटने तापत असला पाहिजे, असेही त्याने १८४५ मध्ये लिहून ठेवले होते.

सुरुवातीला त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अर्ध्या अंशाच्या आधारावर एवढा मोठा दावा करणारा हा हौशी माणूस, अशीच भावना होती. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत मात्र विल्यम थॉमसन हा तेविशीतला प्राध्यापक त्याचे बोलणे ऐकून थबकला. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगाला माहीत झालेला तो हाच. शंका त्यालाही होत्या, पण त्याने विषय सोडला नाही, आणि दोघांची मैत्री उष्मागतिकीच्या पायाशी आहे. १८८९ मध्ये जूल गेला. मँचेस्टरजवळच्या सेल गावात त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरला आहे. त्याने शेवटी शेवटी केलेल्या मापनातून आलेला तो दर. एखाद्या माणसाच्या आयुष्याचे सार एका संख्येत मावावे आणि ती संख्या आजही प्रत्येक घराच्या वीजबिलात काम करत असावी, असे फार थोड्यांच्या बाबतीत घडले आहे.

हा दर एकदा अंगवळणी पडला की ओळखीच्या गोष्टी नव्याने दिसू लागतात. आतकरवाडीतून सिंहगडावर चढणाऱ्या साठ किलोच्या माणसाचेच पाहा. चढण साधारण ६०० मीटरची. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्याचे काम भरते सुमारे साडेतीन लाख जूल, म्हणजे एक दशांश युनिट. घामाघूम होऊन, दोनदा लिंबूसरबतासाठी थांबून केलेला पराक्रम मीटरवर एवढाच! दीड तासात चढला असेल तर चढण्याच्या कामी त्याची शक्ती ६५ वॅट पडली. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा अशा कामात लावू शकते, बाकीची उष्णता होते. ती सगळी घामावाटे बाहेर टाकायची तर चारशे मिलिलिटरहून जास्त घाम अंगावर सुकावा लागतो. माणसाच्या अंगमेहनतीच्या तुलनेत वीज किती स्वस्त आहे, हे या एका चढणीतून कळते. एका युनिटसाठी त्याला दहा वेळा गड चढावा लागेल.

शक्ती आणि ऊर्जा यांतली गल्लत हा या विषयातला सर्वांत जुना खड्डा आहे, आणि तो केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही. वॅट म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग, सेकंदाला किती जूल. युनिट म्हणजे त्या वेगाने ठरावीक वेळ वापरल्यावर झालेली बेरीज. बिलावर दोन्ही छापलेले असतात: ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये, ‘वापर’ युनिटमध्ये. दोन हजार वॅटचा गिझर वीस मिनिटे चालला काय आणि ७५ वॅटचा जुना पंखा नऊ तास चालला काय, युनिट जवळपास सारखेच. पण गिझरच्या तारा जाड लागतात आणि प्लग १६ अँपिअरचा लागतो.

शेतावर हा भेद आणखी ठळक होतो. शेतकरी मोटर मोजतो हॉर्सपॉवरने: तीनची, पाचची, साडेसातची. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकांना सांगण्यासाठी जेम्स वॅटने हे माप वापरले, आणि ते ७४६ वॅट भरते. पाच हॉर्सपॉवरची मोटर आठ तास चालली तर किमान ३० युनिट जातात. महाराष्ट्रात ज्या कृषिपंपांना मीटर नाहीत त्यांची आकारणी मात्र हॉर्सपॉवरवर होते, म्हणजे शक्तीवर, ऊर्जेवर नव्हे. मोटर दोन तास चालो की आठ, आकार तोच. शेतीच्या विजेवरचे निम्मे वाद या एका ठिकाणी येऊन अडकतात, आणि ते सोडवायला अर्थशास्त्राआधी नववीचे भौतिकशास्त्र लागते. एसीचा ‘दीड टन’ हेही शक्तीचेच माप. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेईल तो वेग म्हणजे एक टन, साधारण साडेतीन हजार वॅट.

उष्णता आणि तापमान हा दुसरा खड्डा. फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या घरात असते, तरी ती हातावर पडली तर जेमतेम चटका बसतो. साठ-सत्तर अंशांचा कपभर चहा सांडला तर फोड येतात. ठिणगीत वस्तुमानच नसते म्हणावे इतके थोडे असते, त्यामुळे उष्णताही थोडी.

स्वयंपाकघरात याचा थेट फायदा आहे. साध्या पातेल्यातले पाणी १०० अंशांना उकळू लागले की पुढे आच कितीही वाढवा, तापमान तिथेच राहते. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाठ्यपुस्तक तिला अप्रकट उष्मा म्हणते आणि तिचे मान चकित करणारे आहे: एक ग्रॅम पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला ३१४ जूल पुरतात, पण त्याच ग्रॅमची वाफ करायला २,२६० जूल लागतात. सातपट! वरणाला उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवला तर वरण लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त निघते आणि सिलिंडर लवकर संपतो. प्रेशर कुकर वाफेला कोंडून दाब वाढवतो, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. शिट्टी होऊ लागली की आच बारीक करायला सांगणाऱ्या आजीला हे सूत्र कोणी शिकवले नव्हते, पण तिचा सल्ला भौतिकशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरतो.

हाच अप्रकट उष्मा उलट्या दिशेने माठातले पाणी गार करतो. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावून, त्यांवर पाणी सोडून चालणारा कूलर घर थंड ठेवतो, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते. तोच कूलर मुंबईत किंवा रत्नागिरीत आणला तर नुसता दमटपणा वाढतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असताना आणखी पाणी उडणार कुठे?

आणि घाटावरच्या पाण्याचेही मूळ यातच आहे. अरबी समुद्राच्या एका लिटर पाण्याची वाफ करायला सूर्याने सुमारे २४ लाख जूल खर्चले. ते पाणी लोणावळ्याला पावसाच्या रूपाने पडले, तलावात साठले आणि घाट उतरले, तेव्हा त्यातून परत मिळाले ४,९०० जूल. सुमारे पाचशेवा हिस्सा. बाकीची उष्णता वाफेचे ढग होतानाच हवेत मोकळी झाली, आणि पावसाळी वाऱ्यांच्या रेट्यामागे तिचाच हात आहे.

वीज तारेतून जाताना तारही तापते. हा नियमही जूलचाच, १८४१ चा: उष्णता रोधाच्या प्रमाणात आणि विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर्ग हा शब्द इथे कळीचा आहे. एक कोटी वॅट शक्ती हजार व्होल्टने पाठवायची तर दहा हजार अँपिअर धारा लागते, लाख व्होल्टने पाठवायची तर शंभर पुरतात. धारा शंभरपटीने कमी, त्याच तारेतला नाश दहा हजारपटीने कमी. डोंगराच्या पायथ्याशी तयार झालेली वीज मुंबईपर्यंत पोहोचू शकते ती यामुळे. हाच नियम घरात धोका बनून येतो. सैल झालेल्या सॉकेटमध्ये पिन नीट टेकत नाही आणि त्या सांध्याचा रोध समजा अर्धा ओहम झाला. गिझरची धारा ८.७ अँपिअर. तिचा वर्ग करून अर्ध्याने गुणले की ३८ वॅट होतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. प्लास्टिकच्या सॉकेटच्या पोटात त्याहून जास्त उष्णता एका बिंदूवर निघत राहते. आधी वास येतो, मग सॉकेट पिवळे पडते, मग काळे. काळे पडलेले सॉकेट बदलायला हयगय करू नये.

विजेच्या या इतिहासाला एक बाजू अशी आहे जी जूलमध्ये मोजता येत नाही. खोपोलीनंतर टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा बुडणाऱ्या गावांच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नेते. धरण झाले, मावळातली भातखाचरे पाण्याखाली गेली. उंचावर पाणी अडवले की त्या उंचीची किंमत कोणीतरी भरतो, आणि ऊर्जेवरच्या कोणत्याही पुस्तकात मुळशीचे नाव आलेच पाहिजे.

शेवटी प्रश्न उरतो तो उष्णतेसाठी वीज वापरावी का हा. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग विजेत उतरतो, बाकी थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुरांड्यातून निघून जातो. यात व्यवस्थापनाची चूक फारशी नाही. उष्णतेचे पूर्ण रूपांतर कामात होऊ शकत नाही, हे फ्रान्सच्या सादी कार्नोच्या १८२४ मधल्या विवेचनातून पुढे आले आणि त्याला पळवाट नाही. म्हणून कोळशाच्या तीन भागांतून मिळवलेली एक भाग वीज पुन्हा आंघोळीच्या पाण्यात उष्णता म्हणून ओतणे हा उधळा व्यवहार आहे. गच्चीवरचा सौर बंब तेच काम थेट करतो. स्वच्छ दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास हजार वॅट ऊन पडते आणि त्याला टर्बाइन लागत नाही. भारतात कुठे किती ऊन पडते याची भरवशाची मोजणी उभी करण्यात पुण्याच्या वेधशाळेत काम केलेल्या अण्णा मणी यांचा मोठा वाटा आहे. सौर प्रारणाच्या आकडेवारीची त्यांची पुस्तिका १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. घराघरांत पोहोचायला हवे असे हे नाव आहे.

या पुस्तकातली सूत्रे पाठ करण्याआधी वाचकाने, आणि विशेषतः नववी-दहावीच्या शिक्षकांनी, एक प्रयोग जरूर करावा. घरातल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेले असते, बहुधा ३,२०० किंवा १,६००. घरातली बाकी सगळी उपकरणे बंद करावीत. विजेच्या किटलीत मोजून एक लिटर पाणी घ्यावे, तापमान २५ अंश असेल तर उकळी येईपर्यंत दिव्याची लुकलुक मोजावी. ३,२०० च्या मीटरवर जूलचा दर २७९ सांगतो. प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास मोजणी येईल, कारण किटलीचे भांडे आणि हवाही तापते. तो फरक कुठे गेला, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.